पाटण्याचा शेख आणि ब्रायटनचा हमाम

रमजान सुरू झाला की आमच्या मोहल्ल्यात दरवर्षी खाण्याचे चार-सहा नवे स्टॉल लागतात. दहाव्या रोजापर्यंत त्यातले निम्मे उठलेले असतात. कबाब वाईट असतात असे नाही. घरी दस्तरखानावर पाहुण्याला जेवू घालणे वेगळे आणि पैसे घेऊन पाहुणचार करणे वेगळे, हे गल्ल्यावर बसल्याशिवाय कळत नाही. शेख दीन मोहम्मद यांना ते वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी कळले, तेही दिवाळे काढून. ब्रिटनमधले पहिले हिंदुस्थानी रेस्टॉरंट काढणारे म्हणून त्यांचे नाव आता जगभर घेतले जाते. ते रेस्टॉरंट त्यांच्या हातून दोन वर्षेही धड चालले नव्हते, ही गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही.

दीन मोहम्मद यांचा जन्म 1759 चा, पाटण्याचा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत होते आणि नोकरीतच मारले गेले. दहा-अकरा वर्षांचा दीन, आईचा विरोध असतानाही, कॅप्टन बेकर नावाच्या आयरिश अधिकाऱ्याच्या मागे छावणीत गेला आणि पुढे सुभेदार झाला. 1784 मध्ये बेकर नोकरी सोडून मायदेशी निघाला, तेव्हा दीन मोहम्मदही त्याच्याबरोबर आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात पोचले. तिथे ते शाळेत जाऊन इंग्रजी शिकले आणि जेन डॅली या प्रोटेस्टंट मुलीच्या प्रेमात पडले. 1786 मध्ये दोघांनी पळून जाऊन लग्न केले. त्यासाठी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. रमजानच्या पानावर हे वाचून काहींच्या कपाळावर आठी उमटेल. पण चरित्रातले अवघड पान फाडून उरलेले सांगायचे, हे मला पटत नाही. नाव मात्र त्यांनी शेवटपर्यंत बदलले नाही.

1794 मध्ये त्यांनी आपल्या प्रवासाचे पुस्तक इंग्रजीत काढले. इंग्रजीत पुस्तक छापणारे ते पहिले हिंदुस्थानी. त्या पुस्तकामागचा व्यवहार बघण्यासारखा आहे. आधी वर्गणीदार गोळा केले, तीनशे वीस जणांची नावे मिळवली आणि मगच छपाई केली. म्हणजे गिऱ्हाईक आधी, माल नंतर. हाच माणूस पुढे खाणावळ काढताना अगदी उलटा वागला.

1807 च्या सुमाराला ते लंडनला आले. पोर्टमन स्क्वेअर भागात बेसिल कॉक्रेन या श्रीमंत माणसाने वाफेच्या स्नानाची सोय केली होती, तिथे काम धरले. वाफ घेतल्यावर अंग चेपून देण्याचा प्रकार बहुधा त्यांनीच तिथे सुरू केला. आपण अंग चेपणे म्हणतो, हिंदीत चांपना किंवा चंपी, त्याचेच इंग्रजांनी शाम्पू केले. केस धुण्याशी त्या शब्दाचा तेव्हा काही संबंध नव्हता.

तिथून जवळच, 34 जॉर्ज स्ट्रीटवर, 1810 मध्ये त्यांनी 'हिंदोस्तानी कॉफी हाऊस' उघडले. नाव कॉफीचे असले तरी खरा माल हिंदुस्थानी जेवण आणि हुक्का. बांबूच्या, वेताच्या खुर्च्या, भिंतींवर हिंदुस्थानातली दृश्ये, हुक्क्यासाठी वेगळी खोली. आगाऊ सांगितले तर जेवण घरपोच पाठवण्याची सोयही होती. हिंदुस्थानात पैसा कमावून परतलेले कंपनीचे साहेब याच भागात राहत. त्यांना तिथल्या चवीची आठवण येत असणार, ते येतील, हा हिशेब.

हिशेब वरवर बिनचूक होता. पण या साहेबांकडे घरीच हिंदुस्थानी स्वयंपाक जाणणारे नोकर होते. व्यापारी मंडळींचे जुने अड्डे शहराच्या दुसऱ्या टोकाला, सिटीत होते आणि ती सवय मोडून ते इकडे येईनात. शिवाय करी ही काही नवलाई राहिली नव्हती, हेमार्केटमधल्या एका कॉफी हाऊसमध्ये ती 1773 पासून मिळत होती. सजावटीवर पैसा आधीच ओतून झालेला होता आणि गिऱ्हाईक जमेपर्यंत तग धरायला हातात काही उरले नव्हते. 1812 मध्ये त्यांनी दिवाळे जाहीर केले. नवे मालक आले, पाटी तीच राहिली. पुढच्या वर्षी पन्नाशी ओलांडलेल्या या माणसाने वर्तमानपत्रात जाहिरात दिली: एखाद्या घरात खानसाम्याची किंवा हुजऱ्याची नोकरी हवी आहे. पदरी बायको, मुले. कालपर्यंत जे साहेब गिऱ्हाईक म्हणून यावेत अशी आशा होती, त्यांच्याच दारात आता चाकरी मागायची होती.

1814 मध्ये ते समुद्रकाठच्या ब्रायटनला गेले. राजपुत्राची तिथे ऊठबस होती, त्यामुळे बडे लोक हवापालटासाठी येत. दीन मोहम्मद यांनी या वेळी जेवणाचा नाद सोडला आणि वाफ व चंपी हाती घेतली. घरी कोणाकडे नव्हते ते विकायला काढले. आणि मुख्य फरक असा की या वेळी यजमान स्वतः उभा राहिला. पाहुण्याला औषधी वनस्पतींच्या वाफेत, फ्लॅनेलच्या तंबूसारख्या आडोशात बसवत. त्या कापडाला बाह्या शिवलेल्या असत. बाहेर उभा राहिलेला माणूस बाह्यांतून हात घालून अंग चेपून देई. पाहुण्याचे अंग झाकलेले राही. परक्या माणसाच्या हाताखाली उघडे बसायला इंग्रज संकोचणार, हे त्यांनी ओळखले होते. बायकांचा विभाग जेन सांभाळत असे.

सुरुवातीला लोक हसले, डॉक्टरांनी थोतांड ठरवले. दीन मोहम्मद वाद घालत बसले नाहीत. ज्यांच्या बाबतीत इतरांनी हात टेकले होते असे संधिवाताचे काही रुग्ण त्यांनी फुकट घेतले. त्यांना बरे वाटले, ती माणसे बोलू लागली. बरे झालेल्यांनी सोडलेल्या कुबड्या त्यांनी हमामात भिंतीवर टांगल्या. अभिप्रायाच्या वह्या ठेवल्या, स्त्रियांची वेगळी, पुरुषांची वेगळी. 1821 मध्ये समुद्रासमोर 'मोहम्मद्‌स बाथ्स' ही मोठी इमारत उभी राहिली. चौथ्या जॉर्जने त्यांना आपला शाम्पूइंग सर्जन नेमले आणि नंतर चौथ्या विल्यमनेही ते पद कायम ठेवले. लोक कौतुकाने त्यांना डॉक्टर ब्रायटन म्हणत. गरिबांना फुकट उपचार देणे त्यांनी नंतरही चालू ठेवले.

एक गोष्ट मात्र खटकते. 1822 च्या आपल्या पुस्तकात त्यांनी वय दहा वर्षांनी वाढवले आणि वैद्यकीचे शिक्षण घेतल्याची बतावणी केली. छावणीतला पोरगा म्हणून कोण ऐकून घेणार, ही भीती समजते. पण तोवर त्यांच्या हाताची ख्याती झाली होती, मला तरी याची गरज दिसत नाही.

धंद्यातली दुसरी चूक अधिक महाग पडली. आपल्या नावाची पाटी असलेली इमारत त्यांच्या मालकीची नव्हती, पैसा भागीदाराचा होता. तो वारल्यावर 1840 च्या सुमारास इमारत लिलावात निघाली आणि दीन मोहम्मद यांना ती घेता आली नाही. तोपर्यंत काळही बदलला होता. राणी व्हिक्टोरियाला ब्रायटन आवडत नव्हते, 1841 पासून रेल्वेने एका दिवसापुरते येणारे लोक वाढले. ऐंशी ओलांडलेले दीन मोहम्मद एका लहान जागेत काम करत राहिले.

डिसेंबर 1850 मध्ये जेन गेली आणि दोन-अडीच महिन्यांनी, 24 फेब्रुवारी 1851 रोजी, तेही गेले. ब्रायटनच्या सेंट निकोलस चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. त्यांचा नातू फ्रेडरिक अकबर मोहम्मद मात्र खरोखर डॉक्टर झाला. लंडनच्या गाय्‌ज हॉस्पिटलमध्ये त्याने रक्तदाबावर केलेले काम वैद्यकाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. जॉर्ज स्ट्रीटवर 2005 मध्ये कॉफी हाऊसच्या नावाची हिरवी पाटी लागली. ब्रायटनमधला हमाम मात्र पुढे पाडला गेला, त्या जागी आज क्वीन्स हॉटेल आहे.