चार पुतळ्यांतला एक

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. आजोबा गिरणीत होते, वडील यंत्रमागावर आहेत, आई विड्या वळते. रोज पार्क चौकातल्या चार हुतात्मा पुतळ्यांना वळसा घालून मी कॉलेजला येतो. पण त्या चौघांची नावे कोणी विचारली असती, तर गेल्या वर्षापर्यंत मला ती सांगता आली नसती. हे कबूल करताना आज लाज वाटते.

एकदा इतिहासाच्या तासाला सरांनी जर्मनीतल्या डाखाऊ छळछावणीची हकीकत सांगितली. नाझींनी १९३३ साली उघडलेल्या त्या छावणीत एक्केचाळीस हजारांवर माणसे मेली. १९६५ पासून तिथे स्मारक आहे आणि जगभरचे प्रवासी ते पाहायला जातात. ती छावणी आणि आपल्याकडचे तुरुंग यांची तुलना होणार नाही, हे मला कळते. तरी मनात आले, जर्मनी राहू दे. आपल्या गावची माणसे जिथे फासावर गेली, ते ठिकाण तरी आपण कुठे पाहिले आहे?

दिवाळीच्या सुट्टीत हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेलो. गाडीला ज्यांच्यामुळे हे नाव मिळाले, त्यांच्यातल्या एकाचे चरित्र वाटभर डोक्यात घोळत होते.

अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांचा जन्म १९१० सालचा. सोलापूर तेव्हा गिरण्यांचे गाव होते. कुर्बान हुसेन कामगारांत मिसळले, चळवळीत पडले आणि 'गझनफर' नावाचे मराठी पत्र चालवू लागले. गझनफर म्हणजे सिंह. हिंदू-मुसलमानांनी एक व्हावे, यासाठी ते झटले. तेव्हा त्यांचे वय जेमतेम वीस.

५ मे १९३० रोजी गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटले. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. शंकर शिवदारे यांच्यासह काही माणसे बळी गेली. चिडलेल्या जमावाच्या हातून मंगळवार पेठ चौकीतले दोन पोलीस मारले गेले, कोर्ट जळाले. त्यानंतर तीन-चार दिवस गावात इंग्रजांचा अंमल उरला नव्हता. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि तो ३० जूनपर्यंत चालला. त्या दिवसांत डोक्यावरची गांधी टोपीसुद्धा गुन्हा ठरत होती.

पोलिसांच्या खुनाचा आरोप ठेवून मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना फाशीची शिक्षा झाली. सोलापूरकरांनी तो आरोप कधीच मनाने मानला नाही. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात चौघांना फाशी देण्यात आली. जाती वेगळ्या, धर्म वेगळे. मरणाचा दिवस मात्र एक. ज्या गांधीजींच्या अटकेवरून हे सारे घडले, ते त्या दिवशी याच येरवड्यात बंदिवान होते. चौदा दिवसांनी, २६ जानेवारीला, त्यांची सुटका झाली. या चौघांच्या वाट्याला ते चौदा दिवस आले नाहीत.

येरवड्याला पोचलो तेव्हा ऊन चढले होते. तुरुंग अजून चालू आहे. मी बाहेरूनच भिंत पाहिली. रस्त्यावर वाहनांची वर्दळ होती, कोणी वर मान करून बघत नव्हते. मीही रोज पार्क चौकातून असाच जात होतो, हे तिथे उभा असताना जाणवले. माझ्या वयाचा एक मुलगा वर्तमानपत्र चालवत होता. माझा मात्र हा पहिलाच छापील लेख.

रात्री घरी आलो. आई विड्या वळत बसली होती. तिने विचारले म्हणून तिला कुर्बान हुसेनांची सगळी हकीकत सांगितली. फासावर गेला तेव्हा पोर केवढे होते, असे तिने विचारले. माझ्याहून एखाद-दुसऱ्या वर्षाने मोठे, असे मी म्हटले. आईने सूप बाजूला ठेवले आणि बराच वेळ ती काही बोलली नाही.