एका दिवसाचे महाराज

आपल्या शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेत एका थोर व्यक्तीचे चरित्र असावे असे ठरले, तेव्हा संपादक मंडळाच्या बैठकीत देवी अहिल्याबाईंपासून साने गुरुजींपर्यंत अनेक नावे पुढे आली. मी पॅट्रिक गेडिस हे नाव घेतले आणि क्षणभर कोणीच काही बोलले नाही. नगररचना शिकणाऱ्यांना हे नाव जगभर परिचित असते. ज्या इंदूरच्या गल्लीबोळांतून हा मनुष्य पायी हिंडला, तेथे मात्र ते फारसे कोणाला ठाऊक नाही. आपले उन्हाळी वर्ग, शाळेची परसबाग आणि दिवाळीआधीचा सफाईचा आठवडा यांविषयी गेली काही वर्षे पालकसभेत जी चर्चा होते, ती ऐकताना मला वारंवार गेडिस यांची आठवण होते. म्हणून त्यांचेच चरित्र लिहावे असे मी ठरविले.

पॅट्रिक गेडिस यांचा जन्म 2 ऑक्टोबर 1854 रोजी स्कॉटलंडमधील बॅलटर या गावी झाला. (महात्मा गांधींच्या जयंतीचीच ही तारीख, हे मुलांना सांगितले की ती चटकन लक्षात ठेवतात.) वडील सैन्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे पण प्रेमळ. पुढे हे कुटुंब पर्थ शहराजवळच्या टेकडीवर लहानशा घरात राहावयास गेले. घराभोवती बाग होती आणि मुलाचे पहिले धडे याच बागेत झाले. वाफे आखणे, बी पेरणे, भाजी काढणे ही कामे वडिलांच्या बरोबरीने करताना मोजणी, निरीक्षण आणि धीर या तिन्ही गोष्टी त्याच्या अंगी आपोआप बाणल्या. शाळा सुटल्यावर तो डोंगरात भटके, दगडगोटे व वनस्पती गोळा करी. काही काळ त्याने सुतारकाम शिकून घेतले. वडिलांच्या इच्छेखातर सुमारे दीड वर्ष एका बँकेत उमेदवारीही केली.

वनस्पतिशास्त्र शिकावे म्हणून तो एडिंबरा विद्यापीठात गेला आणि आठवड्याभरात परत आला. जिवंत झाडाशी ज्याचे सख्य होते, त्याला टेबलावरच्या सुकलेल्या पानांची चिरफाड रुचली नाही. मग लंडनमध्ये टी. एच. हक्स्ली यांच्या हाताखाली त्याने जीवशास्त्राचा अभ्यास केला. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील प्रयोगशाळेत काम केले. पदवी मात्र त्याने कधीच घेतली नाही. पदव्यांच्या याद्या भिंतीवर लावणाऱ्या आम्हा शिक्षकांना हे सांगताना थोडे अवघडल्यासारखे होते, पण वस्तुस्थिती तशी आहे.

1879 साली संशोधनासाठी ते मेक्सिकोत गेले असताना त्यांची दृष्टी अकस्मात गेली. कित्येक आठवडे डोळ्यांना पट्टी बांधून अंधाऱ्या खोलीत बसून राहावे लागले. पंचविशीतल्या जीवशास्त्रज्ञाच्या दृष्टीने याहून मोठी आपत्ती कोणती? एके दिवशी खिडकीच्या तावदानांवरून बोटे फिरविताना त्या चौकटीच त्यांना विचारांचे कप्पे वाटू लागल्या. कागदाला घड्या घालून, प्रत्येक घरात एकेक कल्पना मानून त्यांचे परस्परसंबंध बोटांनी चाचपण्याची रीत त्यांनी तेथे शोधली आणि ती आयुष्यभर वापरली. दृष्टी परत आली, परंतु सूक्ष्मदर्शकावरचे दीर्घकाळचे काम कायमचे सुटले. सूक्ष्मदर्शकाखाली मावणारे जग दुरावल्यावर हा मनुष्य माणसांच्या वस्त्यांकडे वळला.

1886 साली अ‍ॅना मॉर्टन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अ‍ॅनाबाई संगीताच्या जाणकार, सुस्थितीतील घरातल्या. नवपरिणीत दांपत्याने बिऱ्हाड थाटले ते एडिंबराच्या जुन्या, गलिच्छ भागातील एका बहुमजली चाळीत. एके काळी प्रतिष्ठितांची असलेली ही घरे तेव्हा अंधार, दुर्गंधी आणि दारिद्र्य यांनी भरलेली होती. गेडिस यांनी शेजाऱ्यांपुढे व्याख्याने दिली नाहीत. त्यांनी आपला जिना झाडला, भिंतीला चुना फासला आणि खिडकीत फुलझाडांच्या पेट्या ठेवल्या. काही दिवसांनी शेजारच्या खिडकीतही पेटी आली. पुढे त्याच भागातील पडक्या जागांची पाहणी झाली, तेव्हा सत्तरांहून अधिक मोकळे तुकडे आढळले. त्यांतील काहींच्या बागा करण्याचे काम त्यांची कन्या नोरा हिने स्थानिक रहिवासी व मुले यांना हाताशी धरून केले. त्यांपैकी एखादी बाग आजही तेथे आहे.

येथेच त्यांच्या सुट्टीतील वर्गांचा उगम आहे. 1887 पासून दर ऑगस्टमध्ये एडिंबरा येथे त्यांची उन्हाळी संमेलने भरू लागली. शिक्षक, विद्यार्थी, कारागीर, गृहिणी असे सर्व थरांतले लोक देशोदेशींहून येत. सकाळी वर्ग चालत. दुपारी समुद्रकिनारा, डोंगर, बाग किंवा जुनी पेठ यांपैकी कोठेतरी भटकंती असे. एलिझे रेक्लू यांच्यासारख्या नामवंत भूगोलतज्ज्ञांनीही तेथे अध्यापन केले. परीक्षा नाही, गुण नाहीत. या सोहळ्यामागे अ‍ॅनाबाईंचे कष्ट केवढे होते याचा उल्लेख चरित्रांतून ओझरताच येतो. पाहुण्यांची राहण्याजेवणाची सोय, संगीताचे कार्यक्रम आणि सदैव तोट्यात चालणारा हिशेब हे सारे त्यांच्या अंगावर असे. आपल्या शाळेची स्नेहसंमेलने ज्या मातांनी पडद्याआडून पार पाडली, त्यांना हे वेगळे सांगावयास नको.

1888 मध्ये डंडी येथील महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. अट अशी की वर्षातील उन्हाळ्याचे तीन महिनेच शिकवावे. उर्वरित काळ त्यांचा. हे पद त्यांनी 1919 पर्यंत सांभाळले. त्यांचे गुण सांगावे तसे दोषही सांगितले पाहिजेत. त्यांचे हस्ताक्षर दुर्बोध होते, हाती घेतलेली पुस्तके अपुरी राहत आणि वर्गात ते दाढीतल्या दाढीत पुटपुटत, त्यामुळे मागच्या बाकांवर काहीच ऐकू जात नसे. एका विषयावरून दुसऱ्यावर उडी मारण्याची खोड तर शेवटपर्यंत गेली नाही.

मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड पेंटलंड यांच्या निमंत्रणावरून 1914 साली ते हिंदुस्थानात आले. नगरांविषयीचे त्यांचे मोठे प्रदर्शन मागून जहाजाने येत होते. महायुद्ध नुकतेच सुरू झाले होते. जर्मनांच्या ‘एम्डेन’ या युद्धनौकेने ते जहाज बुडविले आणि अनेक वर्षांच्या परिश्रमाने जमविलेले नकाशे व चित्रे समुद्रतळाशी गेली. मित्रांनी धावपळ करून नवे साहित्य जमविले आणि 1915 च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन उघडलेही. त्यानंतर गावोगाव हिंडून त्यांनी येथील शहरांविषयी अनेक अहवाल लिहिले. रुंद सरळ रस्ते काढण्यासाठी घरांच्या ओळीच्या ओळी पाडणाऱ्या अभियंत्यांशी त्यांचा सतत वाद होई. गल्लीतला एखादा मोडका वाडा काढावा, तेथे झाड लावावे, विहीर साफ करावी, मुलांना खेळावयास चौक द्यावा आणि बाकी वस्तीला हात लावू नये, असा त्यांचा मार्ग. तो माणसांना बेघर करीत नसे आणि खर्चही पुष्कळच कमी येई.

1917 हे वर्ष त्यांच्या आयुष्यातले सर्वांत कठीण ठरले. एप्रिलमध्ये थोरला पुत्र अ‍ॅलस्टेर फ्रान्सच्या रणभूमीवर तोफगोळ्याने ठार झाला. अ‍ॅनाबाई तेव्हा येथेच अंथरुणाला खिळल्या होत्या. पुत्रवियोगाची वार्ता गेडिस यांनी त्यांना कळू दिली नाही. मुलाची जुनी पत्रे ते त्यांना वाचून दाखवीत. जूनमध्ये, काहीही न कळता, अ‍ॅनाबाईंनी प्राण सोडला. त्याच उन्हाळ्यात दार्जिलिंग येथे जगदीशचंद्र बोस यांच्या सहभागाने उन्हाळी वर्ग योजलेले होते आणि ते झाले. इंदूरच्या कामात त्यांनी स्वतःला बुडवून घेतले, ते हे दुःख उरात घेऊन.

तिसरे तुकोजीराव होळकर यांच्या दरबाराने त्यांना शहराच्या पाहणीसाठी बोलाविले, तेव्हा इंदुरात प्लेगचे भय होते. हातात नकाशा घेऊन गल्ल्यांतून फिरणारा दाढीवाला म्हातारा साहेब दिसला की लोक दारे लावून घेत. साहेब आला म्हणजे घर पडणार, अशी समजूत होती. किंबहुना प्लेगच तो घेऊन येतो, अशी कुजबुज होती. ही कुजबुज कानी आल्यावर त्यांनी जाहीरनामा काढला नाही की शिपाई पाठविले नाहीत. महाराजांकडे त्यांनी एक विलक्षण मागणी केली: एका दिवसापुरते मला महाराज करा. ती मान्य झाली.

मग शहरात दवंडी पिटली गेली. या दिवाळीत नवी मिरवणूक निघेल. तिचा मार्ग ना हिंदूंच्या मिरवणुकीचा नेहमीचा, ना मुसलमानांच्या. ज्या आळीतली घरे सर्वाधिक स्वच्छ व दुरुस्त केलेली असतील, त्या आळीतून ती जाईल. कचरा वाहून नेण्यास पैसे पडणार नाहीत. दिवाळीआधी घर झाडणे, सारवणे, रंगविणे ही आपली जुनीच रीत. गेडिस यांनी नवे काही लादले नाही, आपल्याच सणातला आपलाच आचार उंबरठ्याबाहेर गल्लीपर्यंत आणला. आळी-आळीत चुरस लागली. गाड्याच्या गाड्या भरून केर निघाला, उंदरांची बिळे उपसली गेली, दारापुढे झाडे लागली.

मिरवणुकीचा वृत्तांत मुख्यत्वे त्यांनी स्वतःच पुढे सांगितलेला आहे, आणि ते गोष्ट रंगवून सांगणारे होते, हे ध्यानात ठेवून वाचावा. हत्ती, घोडे, सुगीची आणि कापसाची दृश्ये, लक्ष्मीची स्वारी असा थाट आधी गेला. त्यामागून बेसूर वाद्यांच्या गजरात पडकी घरे, रोगराईची सोंगे, घाणीचा अक्राळविक्राळ राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर आला. नरकासुराची कथा ज्यांना पाठ होती, त्यांना अर्थ समजावून सांगावा लागला नाही. नंतर थोडे अंतर सोडून शहराचे सफाई कामगार आले. शुभ्र कपडे, हाती नवे झाडू, गळ्यात हार. ज्यांची सावली टाळली जाई, ते त्या दिवशी मिरवणुकीच्या मध्यभागी चालले. पुढे गवंडी, सुतार, भावी वास्तूंच्या प्रतिकृती, फळाफुलांच्या गाड्या घेऊन माळी, आणि अखेरीस तुळशीच्या रोपांनी भरलेल्या गाड्या. ती रोपे घरोघरी वाटण्यात आली. रात्री राक्षस व उंदीर यांचे दहन झाले. त्यानंतर साथ ओसरली असे ते सांगत. लोकांची भीती गेली, एवढे तर खरेच. म्हाताऱ्या साहेबाला मग कोणत्याही वाड्यात मुक्तद्वार मिळाले.

काही वर्षांपूर्वी सफाईच्या आठवड्यात मुलाच्या हाती झाडू दिल्याबद्दल एका पालकांनी मला तीव्र शब्दांत पत्र लिहिले होते. शिक्षणासाठी शाळेत पाठविले आहे, या कामासाठी नव्हे, असा त्याचा आशय. उत्तर लिहावयास बसले आणि चार ओळींपुढे जाऊ शकले नाही. या मिरवणुकीतला मधला भाग मला तेव्हा ठाऊक असता, तर तेवढाच लिहून पाठविला असता.

1918 साली इंदूर दरबारला सादर झालेला त्यांचा अहवाल दोन खंडांचा आहे. खान आणि सरस्वती या नद्यांचे काठ स्वच्छ करून तेथे बागा कराव्यात, सांडपाणी वाया न घालविता बागायतीकडे वळवावे, देवळांच्या आसपासची झाडे राखावीत, शहराला ग्रंथालये आणि विद्यापीठ असावे असे त्यात सविस्तर मांडले आहे. तुळशीवृंदावन नीट ठेवलेले घर म्हणजे नीट चालणारे घर, हे निरीक्षण या परदेशी वनस्पतिशास्त्रज्ञाने आवर्जून केले. अहवालातले थोडे अमलात आले, बरेच राहून गेले. अलीकडे स्वच्छतेच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात आपले शहर 2017 पासून पहिले येऊ लागले, तेव्हा अनेकांचे योग्य कौतुक झाले. नद्यांचे काम मात्र अजून शिल्लक आहे.

1919 ते 1924 ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक होते. डॉ. गो. स. घुर्ये यांना उच्च शिक्षणासाठी इंग्लंडला पाठविण्यात त्यांचा पुढाकार होता. मोठ्या समाजशास्त्रज्ञाची ती सुरुवात होती. धाकटा पुत्र आर्थर रवींद्रनाथांच्या श्रीनिकेतनात ग्रामसुधारणेच्या कामी लागला. प्रकृती ढासळल्याने गेडिस यांनी हिंदुस्थान सोडला आणि दक्षिण फ्रान्समध्ये मोंपेलिए येथे खडकाळ टेकडीवर विद्यार्थ्यांसाठी निवास बांधून भोवती बाग फुलविली. पूर्वी नाकारलेला ‘सर’ हा किताब त्यांनी 1932 च्या आरंभी स्वीकारला आणि त्याच वर्षी 17 एप्रिलला तेथेच त्यांचे निधन झाले.

यंदा श्रावणात पाचवी ते आठवीच्या मुलांनी परसबागेत तुळशीचे बी पेरले आहे. वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात रोपे कुंड्यांत भरली जातील आणि माजी विद्यार्थ्यांसह सर्वांना वाटली जातील. पहिली कुंडी कोणाला द्यावी याविषयी मुलांनी मतदान घेतले. गेली एकवीस वर्षे शाळेचे आवार झाडणाऱ्या मावशींचे नाव एकमताने आले. हे ऐकून त्या म्हणाल्या, कुंडी नको, रोप द्या, दारात जमीन आहे.