कानात बीप वाजवणारा हातमोजा: डॉ. पॉल ब्रँड यांची गोष्ट

गेल्या वर्षी बदनापूरला आमच्या आजीला लकवा मारला. व्यायाम करताना डावा हात कुठवर वर गेलाय हे तिला न बघता कळायचंच नाही. म्हणून मी एक छोटं अ‍ॅप लिहिलं. फोन मनगटाला बांधायचा, अ‍ॅक्सेलेरोमीटर हाताचा कल मोजणार, हात खाली आला की बीप. चार दिवसांत आजीनं फोन सोडून उशीखाली सरकवला. चूक कुठं झाली ते शोधताना मला डॉ. पॉल ब्रँड सापडले.

ब्रँड यांचा जन्म १९१४ चा, तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात. आईवडील मिशनरी. नवव्या वर्षी शाळेसाठी इंग्लंडला गेले, काही वर्षं बांधकाम आणि सुतारकाम शिकले, नंतर लंडनला सर्जन झाले. १९४६ मध्ये ते वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले.

तेव्हा समज असा, की कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात. ब्रँड यांनी एकेका जखमेचा माग काढला. रोगानं नसा बधिर होतात, दुखणं कळत नाही, म्हणून माणूस गरम भांडं तसंच धरून ठेवतो, जखमी पायावर चालत राहतो. त्यातच बोटं जातात. आखडलेली बोटं उघडावीत म्हणून त्यांनी चांगल्या स्नायूचा कंडरा दुसरीकडे जोडण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. हात चालू लागले, पण बधिरच राहिले.

१९६६ मध्ये ते अमेरिकेत, लुईझियानातल्या कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेले. तिथं इंजिनिअर्सना घेऊन त्यांनी चक्क नकली वेदना बनवायला घेतली. हातमोज्यात प्रेशर सेन्सर, दाब जास्त झाला की कानात आवाज. इंजिनिअर म्हणून मला यातली खरी डोकेदुखी दिसते ती थ्रेशोल्डची: एकदा चालणारा दाब हजार वेळा पडला तर जखम करतो. शिवाय सेन्सर टिकत नसत.

पण प्रोजेक्ट अडला माणसापाशी. आवाज ऐकू यायचा, तरी हातातलं काम सुरूच! मग दिवा लावून पाहिला. मग काखेत, जिथं संवेदना शाबूत होती तिथं, विजेचा झटका. लोक स्विच बंद करायचे, काम उरकायचे, परत चालू करायचे. आपण नोटिफिकेशन म्यूट करतो, अगदी तसंच. शेवटी ब्रँड यांनी तो नाद सोडला. जी सूचना माणसाला बंद करता येते ती वेदनेची जागा घेऊ शकत नाही, हे त्यांना पटलं होतं. १९८६ ला ते निवृत्त झाले आणि २००३ मध्ये सिॲटलला वारले.

माझं अ‍ॅपही फक्त ओरडत होतं. हात कुठं आहे, हे सांगतच नव्हतं. लकव्यानंतरच्या व्यायामात दुसरी एक पद्धत वापरून बघतात: आवाज सलग ठेवायचा, हालचालीबरोबर तो बदलत जातो. फिजिओथेरपिस्टना विचारून मी बीप काढला आणि पेटीसारखा सूर टाकला. हात वर, सूर वर. आजी आता वरच्या सा पर्यंत हात नेऊन बघते. दुपारी फोन अजूनही उशीखालीच असतो.