प्राध्यापक दि. ब. देवधर : मैदानावरील गुरुजी

ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत एका कर्तृत्ववान व्यक्तीचे चरित्र द्यावे, असा प्रघात आहे. आणि ती व्यक्ती बहुधा ज्ञातीतीलच असते. यंदा आम्ही हा नेम जाणूनबुजून सैल केला आहे. प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर यांचे कुळ कोणते, गोत्र कोणते, याची चर्चा वाचकांस पुढील पानांत आढळणार नाही. ज्यांनी विद्या आणि खेळ ही दोन्ही एकाच आयुष्यात निष्ठेने सांभाळली, ज्यांच्या हाताखाली निरनिराळ्या धर्मांचे तरुण एका संघात नांदले, आणि ज्यांची आठवण त्यांच्या निधनानंतर तीन दशके उलटूनही महाराष्ट्रातील क्रीडाप्रेमी आदराने काढतात, त्यांचे चरित्र आपल्या कुटुंबांतील मुलामुलींनी वाचावे, एवढाच आमचा हेतू आहे.

हा हेतू मनात येण्यास कारणही तसेच घडले आहे. आपले सुपे हे गाव पारनेर तालुक्यातील; जमीन कोरडवाहू, पाऊस बेभरवशाचा. नगर-पुणे रस्त्यावर वसल्यामुळे आणि अलीकडे औद्योगिक वसाहत उभी राहिल्यामुळे गावाचे रूप पालटले. मुले शिकली, पुण्यास जाऊ लागली, नोकरीस लागली. परंतु ज्या घरात पुस्तक आले, त्या घरातून खेळ हद्दपार झाला, असे चित्र आम्ही ठिकठिकाणी पाहतो. मुलगा सायंकाळी मैदानावर दिसला की अभ्यास बुडाला, आणि मुलगी मैदानावर दिसली की लोक काय म्हणतील, ही धास्ती आईबापांच्या मनात घर करून बसली आहे. या धास्तीस उत्तर द्यावयाचे तर उपदेशापेक्षा एका माणसाचे आयुष्य दाखविणे बरे, असे आम्हांस वाटते.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ रोजी पुण्यास झाला. पुणे हे त्या काळी विद्येचे माहेरघर म्हणून गाजत होते. खेळाकडे मात्र रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणूनच पाहिले जाई. अशा शहरात या तरुणाने संस्कृतचा अभ्यास केला, पुढे सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापकपद भूषविले, आणि त्याच काळात क्रिकेटची बॅट हातातून कधी सोडली नाही. सकाळी वर्गात व्याकरण आणि काव्य, सायंकाळी मैदानावर चेंडू, असा हा दुहेरी संसार होता. त्या काळचे क्रिकेट म्हणजे पैशाचा धंदा नव्हे. खेळाडूने पोट भरावे ते नोकरीवर, आणि खेळावे ते आवडीसाठी. म्हणूनच ज्यास आवड टिकवावयाची असे, त्यास वेळेचा हिशेब काटेकोर ठेवावा लागे. देवधरांचे अवघे आयुष्य म्हणजे असा एक हिशेब होता.

१९११ साली ते प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये उतरले. त्या वेळी मुंबईत भरणारी मोठी स्पर्धा धर्मावर आधारलेली होती. युरोपियन, पारशी आणि हिंदू असे तीन संघ आरंभी होते. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला, आणि १९३७ पासून ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन आदींचा इतरेजनांचा पाचवा संघ उभा राहिला. देवधर हिंदूंच्या संघातून खेळत. प्रेक्षकांची गर्दी अलोट होई. परंतु समोरचा गोलंदाज कोणत्या धर्माचा, यावर टाळ्यांचा जोर अवलंबून राही. ही गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे, म्हणजे पुढे घडलेल्या प्रसंगाचे मोल ध्यानी येईल.

देवधरांचे नाव देशभर झाले ते १९२६ च्या हिवाळ्यात. आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली मेरिलबोन क्रिकेट क्लबचा संघ त्या वर्षी इंग्लंडहून आला होता. मुंबईत अखिल भारताच्या संघाशी त्याची गाठ पडली. पाहुण्यांनी ३६२ धावा केल्या. उत्तरादाखल आपल्या संघाने ४३७ धावा उभारल्या, आणि त्यांतील १४८ धावा एकट्या देवधरांच्या होत्या. राज्यकर्त्यांच्या संघावर पंचाहत्तर धावांची आघाडी मिळणे ही त्या काळी लहानसहान गोष्ट नव्हती. भारतीय खेळाडू बरोबरीने खेळू शकतात, अशी गिलिगन यांची खात्री पटली. १९२८ साली भारतीय क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले आणि जून १९३२ मध्ये लॉर्ड्‌सच्या मैदानावर भारताचा पहिला कसोटी सामना झाला.

परंतु त्या सामन्यात देवधर नव्हते. त्या वेळी त्यांनी वयाची चाळिशी गाठली होती, आणि पुढेही कसोटी सामना खेळण्याचा योग त्यांच्या नशिबी आला नाही. ज्या दारावर त्यांनी थाप मारली, ते दार उघडले. पण आत पाऊल टाकण्याची पाळी आली ती इतरांवर. एखादा मनुष्य अशा वेळी खिन्न होऊन घरी बसला असता, तर त्यास कोणी दोष दिला नसता. देवधरांच्या थोरवीचा आरंभ, आमच्या मते, येथून होतो.

१९३४-३५ साली रणजी करंडकाची स्पर्धा सुरू झाली. येथे संघ धर्मावर उभे नव्हते, प्रांतांवर आणि संस्थानांवर उभे होते. मुंबईचा संघ बलाढ्य. साधने, मैदाने, धनिक आश्रयदाते सारे तेथे. पुण्याच्या आणि आसपासच्या तरुणांना घेऊन महाराष्ट्राचा संघ बांधण्याचे कठीण काम देवधरांनी अंगावर घेतले. १९३९-४० च्या हंगामात हा संघनायक सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि त्याच्या हाताखाली खंडू रांगणेकर बावीस वर्षांचे, रंगा सोहोनी एकवीस वर्षांचे, आणि विजय हजारे चोवीस वर्षांचे होते. वर्गातील प्राध्यापक आणि बाकावरील विद्यार्थी यांच्या वयांत जे अंतर असते, तेच अंतर या संघात होते. मात्र हे गुरुजी बाकांपुढे उभे राहून सांगणारे नव्हते. ते विद्यार्थ्यांबरोबर उन्हात उभे राहत, त्यांच्याबरोबर धावत, आणि फलंदाजीस गेले की स्वतः धावा काढून दाखवीत.

त्या हंगामात पुण्यास बडोद्याविरुद्ध जो सामना झाला, तो आजही सांगितला जातो. विजय सॅम्युएल हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी स्पर्धेतील ते पहिले त्रिशतक होय. नवव्या गड्यासाठी त्यांनी नगरवाला यांच्यासह २४५ धावांची भागीदारी रचली. आता विचार करावा. हजारे हे मराठी ख्रिस्ती, नगरवाला हे पारशी, आणि संघनायक संस्कृतचे प्राध्यापक हिंदू. मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत हे तिघे तीन निरनिराळ्या तंबूंत बसले असते आणि एकमेकांच्या पराभवाची वाट पाहत राहिले असते. येथे ते एका तंबूत बसले आणि एकमेकांच्या धावांस टाळ्या वाजविल्या. ज्ञातीच्या स्मरणिकेत ही गोष्ट नोंदविताना आम्हांस कसलाही संकोच वाटत नाही. आपल्या माणसांनी एकत्र यावे हे योग्यच. पण मुलांचे मैदान त्याहून मोठे असावे, हेही तितकेच योग्य.

त्या वर्षी महाराष्ट्राने संयुक्त प्रांताच्या संघास पुण्यास दहा गडी राखून हरविले आणि रणजी करंडक प्रथम जिंकला. पुढील १९४०-४१ च्या हंगामात मुंबईशी झालेली लढत तर विलक्षणच ठरली. सामना अपुरा राहिला तर पहिल्या डावात ज्याच्या धावा अधिक, त्याची सरशी, असा नियम होता. त्यामुळे एकेका धावेस मोल आले. मुंबईच्या ६५० धावा, महाराष्ट्राच्या ६७५! त्यांत देवधरांच्या धावा २४६, आणि तेव्हा त्यांनी वयाची ४८ वर्षे ओलांडलेली. तासन्‌तास उन्हात उभे राहून, निम्म्या वयाच्या गोलंदाजांना तोंड देऊन केलेली ही खेळी म्हणजे केवळ हाताचे कौशल्य नव्हे. आहार, निद्रा, व्यायाम यांचा वर्षानुवर्षे पाळलेला नेम तिच्या पाठीशी असला पाहिजे. पुढे मद्रासच्या संघास सहा गडी राखून हरवून महाराष्ट्राने करंडक दुसऱ्यांदा जिंकला. त्यानंतर महाराष्ट्राचा संघ अंतिम सामन्यापर्यंत काही वेळा पोहोचला, परंतु पुढील आठ दशकांत तो करंडक काही पुन्हा आणू शकला नाही. यावरून त्या दोन वर्षांच्या कामगिरीची उंची कळावी. १९४४-४५ च्या हंगामात, वयाच्या ५३ व्या वर्षाच्या सुमारास, देवधरांनी नवानगरविरुद्ध एकाच सामन्याच्या दोन्ही डावांत शतके ठोकली, १०५ आणि १४१. त्यांनी प्रथम श्रेणीचा निरोप घेतला, तेव्हा ८१ सामन्यांत त्यांच्या नावावर ४,५२२ धावा आणि नऊ शतके जमा होती.

गुरूचे खरे मोजमाप शिष्यांच्या हातून होते. सोहोनी १९४६ साली इंग्लंडला गेले. रांगणेकर १९४७-४८ साली ऑस्ट्रेलियास गेले. त्याच ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यात अ‍ॅडलेड येथे हजारे यांनी ब्रॅडमन यांच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतके केली. आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रास येथे इंग्लंडवर मात करून भारताने आपला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा संघनायक होते तेच विजय हजारे. या सर्वांचे यश त्यांच्या स्वतःच्या परिश्रमाचे, यात शंका नाही, आणि हजारे यांस इतरही मार्गदर्शक लाभले. तथापि तारुण्याच्या उंबरठ्यावर ज्यांनी त्यांच्यावर विश्वास टाकला, ते गृहस्थ स्वतः एकही कसोटी सामना खेळलेले नव्हते, ही गोष्ट मनास चटका लावल्यावाचून राहत नाही.

देवधरांच्या घराकडेही एक दृष्टिक्षेप टाकला पाहिजे, कारण आपल्या मातापित्यांस त्यातून पुष्कळ घेण्यासारखे आहे. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या कन्यांनी बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली. तो काळ १९४० च्या दशकाचा. मुलींना शाळेत पाठविताना शेजारीपाजारी कुजबुजत, त्या काळात या पित्याने मुलींच्या हाती रॅकेट दिली. मुलांसाठी एक न्याय आणि मुलींसाठी दुसरा, असा भेद या घरात नव्हता. आपल्या गावातील किती मुली चपळ आहेत, किती धावण्यात निपुण आहेत, हे आपण सारे जाणतो. त्यांतील किती जणींना दहावीनंतर मैदान दिसते, याचे उत्तर ज्याने त्याने स्वतःस द्यावे.

खेळ सोडल्यावर देवधरांनी खेळाडूंना सोडले नाही. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्षपद, नियामक मंडळाचे उपाध्यक्षपद आणि राष्ट्रीय निवड समितीचे सदस्यत्व अशी कामे त्यांनी केली. शासनाने १९६५ साली पद्मश्री आणि १९९१ साली पद्मभूषण देऊन त्यांचा गौरव केला. विभागीय संघांच्या मर्यादित षटकांच्या स्पर्धेस १९७३-७४ पासून त्यांचे नाव देण्यात आले. १४ जानेवारी १९९२ रोजी त्यांनी वयाची शंभरी पूर्ण केली. प्रथम श्रेणीच्या भारतीय खेळाडूंत असे भाग्य त्यांच्या आधी कोणास लाभले नव्हते. २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले. १९९६ साली टपाल खात्याने काढलेल्या क्रिकेटपटूंच्या तिकिटांत नायडू, मर्चंट आणि मंकड यांच्याबरोबर त्यांचीही मुद्रा झळकली. त्या चौघांत कसोटी न खेळलेले ते एकटेच.

वाचकहो, या चरित्रातून बोध काय घ्यावा? प्रत्येक मुलाने क्रिकेटपटू व्हावे, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तसेच पुस्तक टाकून मैदानाच्या मागे लागावे, असेही नाही. देवधरांनी संस्कृत सोडले नव्हते, हे विसरता कामा नये. आमचे मागणे लहानसे आहे. सायंकाळचा एक तास मुलामुलींस मोकळा द्यावा. मंडळाच्या शिष्यवृत्त्या देताना गुणपत्रिकेबरोबर मैदानावरील गुणही पाहावेत. आणि खेळासाठी जे मैदान आपण सांभाळू, त्याचे दार वाडीवस्तीवरील प्रत्येक मुलास, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असो, उघडे ठेवावे. स्वतः आत जाता आले नाही तरी दुसऱ्यांसाठी दार उघडणाऱ्या त्या वृद्ध गुरुजींचे स्मारक आपल्या सुप्यात उभारावयाचे, तर याहून उचित मार्ग आम्हांस दिसत नाही.