पाहणाऱ्याकडे पाहणारा कलावंत

प्रेक्षक समोर आला की त्याची चाहूल घेणारी आणि त्याला प्रतिसाद देणारी कलाकृती आता नवलाची राहिलेली नाही. १९७० साली हॉलंडमधील आइंडहोवेन येथे एडवर्ड इनाटोविच यांचे 'सेन्स्टर' हे यांत्रिक शिल्प उभे राहिले. हळू आवाजाकडे ते मान वळवी; गोंगाट झाला की मागे सरे. त्याविषयी वाचताना मला आठवले ते आपल्या नाशिकचे दादासाहेब फाळके.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. पुढे छायाचित्रण, छपाई, जादूचे प्रयोग असे नाना उद्योग त्यांनी केले. जादूगाराचे हात कामात असतात, पण नजर प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवर असते. फाळक्यांच्या चित्रपटकलेचे बीज मला या नजरेत दिसते.

१९१३ साली मुंबईत 'राजा हरिश्चंद्र' झळकला आणि त्यानंतर त्यांनी बिऱ्हाड नाशिकला हलविले. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर राम अवतरताच प्रेक्षक भक्तिभावाने हात जोडीत. १९१९ च्या 'कालिया मर्दन'च्या आरंभी त्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी कॅमेऱ्याला सामोरी होऊन चेहऱ्यावर एकेक भाव उमटविते आणि मग तीच बाळकृष्ण होते. देवळात आपण देवाला पाहतो, तसा देवही आपल्याला पाहतो, ही आपली जुनी श्रद्धा. तीच फाळक्यांनी पडद्यावर आणली.

पडद्याला अर्थातच डोळे नव्हते. प्रेक्षकांकडे पाहत होते ते फाळके. १९३१ साली आपला चित्रपट बोलू लागला, प्रेक्षकांची आवड पालटली आणि या बदलाशी त्यांचे सूर जुळले नाहीत. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे, काहीशा उपेक्षेतच, त्यांनी देह ठेवला.

आज यंत्राला डोळे आणि कान बसविणे सोपे झाले आहे. समोर माणूस उभा आहे एवढे यंत्राला समजते. तो कशाची आस धरून आला आहे, हे मात्र कलावंतालाच ओळखावे लागते. फाळक्यांचे यश आणि अपयश दोन्ही मला हेच सांगतात. आपल्यापैकी जे कोणी उद्या अशा कलाकृती घडवतील, त्यांनी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकाला जरूर भेट द्यावी.