डॉक्टर सर विल्यम वानलेस

मिरजेच्या मिशन इस्पितळाचे नाव आमच्या बहुतेक वाचकांच्या कानी असेल. परंतु ते एक इस्पितळ नसून एका कारभाराखाली चालणाऱ्या अनेक घरांचे कुटुंब होते, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक आहे. ते कुटुंब ज्यांनी उभे केले त्या डॉक्टर वानलेससाहेबांचे चरित्र आम्ही आज थोडक्यात सादर करतो.

साहेबांचा जन्म 1865 साली कॅनडा देशात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकीचे शिक्षण पुरे करून 1889 साली ते अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे, पत्नी मेरीबाई यांच्यासह, हिंदुस्थानात आले. आरंभी त्यांनी सांगलीस लहानसा दवाखाना घातला. पुढे मिरजेच्या संस्थानिकांनी जागा दिली, फिलाडेल्फियाच्या कॉन्व्हर्स नामक धनिक गृहस्थांनी बांधकामास पैसा पुरविला, आणि 1894 साली मिरजेचे इस्पितळ उघडले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन असल्यामुळे दूरदूरचे रोगी, त्यांत मोतीबिंदूने आंधळे झालेले फार, तेथे येऊ लागले.

कीर्ति वाढली तशी अडचणही वाढली. हात थोडे, रोगी अपार. शिवाय ज्याच्यापाशी गाडीभाडे नाही त्याने काय करावे? आमचा परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, व 1900 साली इकडे आगगाडी आल्यावरही येथल्या शेतमजुरास मिरज लांबच होते. दुसरा कोणी असता तर इमारतीस आणखी एक मजला चढवून स्वस्थ बसला असता. डॉक्टरसाहेबांनी आधी माणसे तयार केली. 1897 साली त्यांनी ख्रिस्ती तरुणांसाठी वैद्यकीय शाळा काढली. तेथे शिकलेले विद्यार्थी मिरजेपुरते राहिले नाहीत. खेड्यांतील शाखा-दवाखान्यांत व इतर मिशनांच्या इस्पितळांतही ते कामास लागले. साहेबांच्या हातच्या हजारो शस्त्रक्रियांपेक्षा हेच त्यांचे थोर काम, असे आम्हांस वाटते.

नंतर महारोग्यांचा प्रश्न आला. त्या काळी ह्या रोगावर खात्रीचे औषध नव्हते व गाव त्या दुर्दैवी माणसांस वेशीबाहेर घाली. त्यांना सामान्य रोग्यांत ठेवता येईना. आणि त्यांच्यासाठी निराळे डॉक्टर व निराळा कारभार उभारावा तर एवढा पैसा कोठला? तेव्हा आश्रमाचा भार महारोगी मिशनने उचलावा व औषधोपचार मिरजेच्या डॉक्टरांनी पाहावा, अशी वाटणी झाली. घर वेगळे, वैद्य एक! क्षयरोग्यांसाठी मिरज-सांगलीच्या दरम्यान मोकळ्या हवेत आरोग्यधाम बांधले, तेही ह्याच रीतीने. त्या वस्तीस पुढे वानलेसवाडी हे नाव पडले. मेरीबाई 1906 साली निवर्तल्या. कोल्हापूरच्या मिशन इस्पितळास त्यांचे नाव दिलेले आहे.

खर्चाची तोंडमिळवणी कशी होई, असे कोणी पुसेल. श्रीमंत रोग्यांकडून योग्य फी घ्यावी व तीतून गरिबांचा उपचार व्हावा, असा परिपाठ होता. राजेरजवाडे व सावकार मिरजेस येत, आणि त्यांच्या पैशाने फाटक्या धोतराच्या कुणब्याचे डोळे उघडत. आमच्या मंडळ्यांतील काही जण मिशनचे औषध म्हणजे फुकटच असावे असे मानतात. त्यांनी ही गोष्ट ध्यानी घ्यावी. चार आणे देण्याची ज्याची ऐपत आहे त्याने ते दिले नाहीत, तर शेजारच्या खाटेवरील निर्धनाचे औषध तुटते.

कामाचा व्याप एकट्याच्या खांद्यावर राहू नये म्हणून डॉक्टर व्हेल यांस साहेबांनी हाताशी घेतले होते व पुढे कारभार त्यांच्याकडे सोपविला. 1928 साली सरकारने वानलेससाहेबांस सर ही पदवी दिली. त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि 1933 च्या मार्च महिन्यात अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांती प्रभूमध्ये झोपी गेले. 1962 साली मिरजेस वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा तेथील विद्यार्थ्यांस रोग्यांच्या खाटेपाशी शिकविण्याचे काम त्यांच्याच इस्पितळात सुरू झाले.