खडकावरच्या बागेचा ध्यास

हिमरेषेजवळ, खडकाला उशीसारख्या बिलगून वाढणाऱ्या इवल्याशा सदाहरित वनस्पती इंग्लंडच्या दमट हवेत जगविण्याचे तंत्र बागप्रेमींपर्यंत पोहोचविणारे रेजिनाल्ड फॅरर यांना अवघे ४० वर्षांचे आयुष्य लाभले.

१७ फेब्रुवारी १८८० रोजी लंडन येथे जन्मलेल्या फॅरर यांचे ओठ व टाळू जन्मतःच दुभंगलेले होते. बालपण शस्त्रक्रियांत गेले. वाणी अस्पष्ट राहिली. शाळेचे दार बंद झाल्याने शिक्षण घरीच झाले. यॉर्कशायरमधील क्लॅपहॅम गावाजवळचा इंगलबरो हा चुनखडीचा डोंगर हाच या एकाकी मुलाचा सोबती ठरला. चौदाव्या वर्षी त्यांनी एका जुन्या दगडखाणीत पहिली खडकबाग रचली. १९०२ मध्ये ऑक्सफर्डची पदवी घेतल्यावर त्यांनी क्लॅपहॅम येथेच पर्वतीय वनस्पतींची रोपवाटिका थाटली.

या वनस्पतींचा खरा शत्रू थंडी नव्हे, तर हिवाळ्यातील ओल होय. पर्वतावर बर्फाच्या दुलईखाली त्या कोरड्या राहतात. मैदानात मात्र पावसाने त्यांची मान कुजते. यावर फॅरर यांनी हिमनदीने लोटून आणलेल्या दगडगोट्यांच्या राशीचे अनुकरण करण्याचा मार्ग पुरस्कारिला. भरपूर दगडी चुरा, नावापुरती माती, तळाशी पाण्याचा निचरा आणि रोपाच्या मानेभोवती खडीचा थर, अशी ही रचना. शोभेसाठी दगड रचून मग रोपे खोचण्याच्या तत्कालीन प्रथेची त्यांनी यथेच्छ खिल्ली उडविली. बाग रोपाच्या गरजेतून घडावी, हा त्यांचा आग्रह होता.

१९०७ मधील ‘माय रॉक गार्डन’ने त्यांना कीर्ती मिळवून दिली. ‘द इंग्लिश रॉक-गार्डन’ हा द्विखंडी ग्रंथ १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दरम्यान सिलोनमध्ये त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला होता. १९१४-१५ मध्ये विल्यम पर्डम यांच्यासह त्यांनी चीनचा कान्सू प्रांत पालथा घातला. तेथे गवसलेली आकाशनिळी जेन्शियन आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

१९१९ मध्ये ते यूअन कॉक्स यांच्यासमवेत उत्तर ब्रह्मदेशात गेले. कॉक्स वर्षअखेरीस परतले. फॅरर मात्र मागे राहिले. पावसाने झोडपलेल्या त्या डोंगरांत १७ ऑक्टोबर १९२० रोजी आजारपणात त्यांचा अंत झाला. ओलीपासून नाजूक रोपे वाचविण्याची विद्या शिकविणाऱ्या या वनस्पतिशोधकाची समाधी त्याच पावसाळी मुलुखातील कोंग्लू येथे आहे. खडीत रुजलेली प्रत्येक हिरवी उशी मात्र त्यांच्या विद्येची साक्ष देते.